दोन बैठकांची बाबागाडी

तानाबाईचा स्वभावच असा, की कुणी बसायला पाट दिला तर ती आधी पाट उलटा करून बघायची. पाटाखाली काय असणार? काही नसायचं. पण तेवढ्यानं तिचं समाधान होत नसे. आज नाही म्हणजे काल कुणीतरी काढून ठेवलं असणार, असं तिला वाटायचं. आजऱ्याकडच्या तिच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिच्या वाटेला सहसा कुणी जात नसे.

तेव्हा कोल्हापूरहून जावयाचं पत्र आलं, ते तिनं आधी शाळेच्या मास्तराकडून वाचून घेतलं, आणि मास्तरानं मधलं काही गाळलं असेल म्हणून पुन्हा कुलकर्ण्याकडून वाचून घेतलं. दोघांनी सारखंच वाचलं. ‘इकडे सर्व क्षेम. बाळंतीण व मुलगी खुशाल, चि. हंबीरराव खुशाल. दोन्ही मुलांकरिता एक दोन बैठकांची बाबागाडी विकत घ्यावी असे मनात आहे. गाडी साहेबाच्या घरची, वापरलेली आहे. तरी आपण येऊन पाहून सांगावे. आपण हो म्हणाल तर घेऊ, नाही म्हणाल तर नाही.’

आता मला सांगा, जावई गणपतराव दरबारच्या गाडीखान्यात कारकून. रोज छत्रपतींच्या बग्ग्या आणि टमटमी त्याच्या नजरेखालनं जायच्या. आणि पोरांच्या ढकलगाडीसाठी हा सासूला विचारतो? तीही दोन मुक्कामांवरच्या सासूला, मेलेल्या बायकोच्या आईला? कुठंतरी पाणी मुरतंय, हे कुणीही ओळखलं असतं. तानाबाईनं तर पत्राची घडी मोडायच्या आधीच ओळखलं होतं.

तानाबाईची एकुलती एक लेक शालू. कोल्हापुरात मंगळवार पेठेत दिली होती. पोरगा हंबीर पाच महिन्यांचा असताना ती तापानं गेली, आणि वर्ष व्हायच्या आत गणपतरावानं उचगावची बायडा करून आणली. पुरुषाला घर चालवायला बाई लागते, तेव्हा त्याबद्दल तानाबाईचं काही म्हणणं नव्हतं. नव्हतं म्हणजे होतं, पण बोलून काय उपयोग! रीतीप्रमाणं तिनं स्वतः शालूच्या जोडव्यांची चांदी आटवून सवतीचा टाक करून घेतला. चांदीचा एवढासा पत्रा, वर उभ्या बाईची आकृती. लग्नात तो बायडाच्या गळ्यात बांधला. दुसरेपणाच्या बाईनं तो जन्मभर गळ्यात वागवायचा. नवं लुगडं असो, बांगडी असो, घरात जे नवं येईल ते आधी त्या टाकाला दाखवायचं आणि मग आपण वापरायचं. थोरलीचा मान आधी, मग धाकटीचा.

आता बायडाला मुलगी होऊन दीड महिना झाला होता. पोटचं पोर आलं की सवतीच्या पोराची काय गत होते, हे तानाबाईनं चार घरांत बघितलं होतं. तिनं मनाशी ठरवून टाकलं, हंबीरला घेऊन यायचं. बाबागाडी हे निमित्त. जायचं, चार खोटी काढायच्या, आणि येताना पोर मांडीवर. दिराचा थोरला लेक आकाराम, चार पोरांचा बाप माणूस, पण चुलतीपुढं त्याचं कधी चाललं नाही. त्यानं घनसाळ तांदळाचं पोतं आणि काजूची पिशवी गाडीत टाकली, बैल जुंपले, आणि दोघं निघाली.

तानाबाई कोल्हापुरात पोचली तेव्हा बायडा सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. एका बाजूला दुपट्यात धाकटी, मांडीवर हंबीर. ती उठली नाही. बसूनच म्हणाली, “या आई.”

आई! तानाबाईच्या कपाळावर आठी पडली. “उठून पायावर पाणी द्यायची रीत न्हाय वाटतं तुमच्या उचगावात?”

बायडाचं तोंड उतरलं. तिनं शेजारच्या धोंडुबाईला हाक मारली आणि पाणी धोंडुबाईनंच दिलं. पाणी देता देता तिनं तानाबाईच्या कानाला लागून सांगितलं, “काय बी उचलत न्हाय बगा. घागर मीच भरून द्येते. आता तर पोरांस्नी ढकलायला गाडी पायजे म्हंत्यात. मडमीण झाली की वो आमची बायडा!” तानाबाईनं मान हलवली. पहिली खूण पटली.

मग तिची नजर बायडाच्या गळ्याकडं गेली. टाक होता. होता म्हणजे चांगला लखलखीत होता, आणि वरच्या आकृतीचे नाक-डोळे झिजून सपाट झाले होते. आपण येणार म्हणून घासून ठेवलाय, असं तिनं धरलं. एका दिवसाच्या घासण्यानं चांदीवरचं नाक जात नाही, हेही तिच्या लक्षात आलं, पण ते तिनं बाजूला सारलं. एवढ्यात हंबीरनं हात वर केला, टाक मुठीत धरला आणि सरळ तोंडात घातला.

“आगं बया! टाकाला उष्टं?” तानाबाई ओरडली. “द्येव हाय त्यो!”

“त्येला सवं लागलीया,” बायडा हळूच म्हणाली. “ह्यो धरल्याबिगर झोपत न्हाय.”

तानाबाईनं हात पसरले. “ये माज्या राजा. ये आज्जीकडं.” हंबीरनं तिच्याकडं बघितलं, टाक तोंडातनं काढला, आणि बायडाच्या मानेत तोंड खुपसलं. दोन वर्षांचं पोर, आजीला दोनदा बघितलेलं. त्याला काय कळतंय? पण तानाबाईच्या मनानं घेतलं, की पोराला शिकवून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी गणपतरावानं टांगा आणला आणि सगळी मिळून शनिवार पेठेत लालासाबच्या कारखान्यात गेली. लालासाब दरबारच्या बग्ग्यांना गाद्या आणि कातडं चढवायचा. हातात कसब, आणि बोलण्यात साखर. साखर ऐकली की तानाबाई जास्तच सावध व्हायची. एका इंजिनेर साहेबाची बदली विलायतेला झाली, तेव्हा त्याच्या घरचं सामान निघालं, त्यात ही गाडी त्याला मिळालेली.

गाडी बघून तानाबाईची निराशा झाली, कारण गाडी चांगली होती. लांबट काळी पेटी, खाली चार चाकं, चाकांना रबर. आत समोरासमोर दोन बैठका, दोन्ही टोकांना कातड्याचं टप, आणि ढकलायला एकाच बाजूला दांडा.

“बगा मावशी, एका बोटानं जाती,” लालासाबनं बोट लावून दाखवलं.

“एका बोटानं जाती, तर उतारावर बोटाबिगर बी जाईल की.”

“तर! त्येच्यासाठनंच ही अटक हाय चाकाला. ही पाडली की जाग्यावर हुबी.”

“गादीत काय भरलंय? ढेकूण असत्याल.”

“घोड्याचं केस हायत. मी सोता उसवून, उन्हात घालून, परत भरल्यात. अल्लाच्यान सांगतो, म्हाराजांच्या बग्गीत बी हेच केस हायत.”

तानाबाईनं गादीत कोपरापर्यंत हात घातला, चाकं हलवून बघितली, टप उघडून त्याचा वास घेतला. गणपतराव बाजूला उभा राहून मिशी चावत होता. मग तिनं मनात योजलेली परीक्षा काढली. काही न सांगता ती मागं सरली आणि बायडाला म्हणाली, “बसीव की पोरांस्नी. बगू दे कशी दिसत्यात.”

बायडानं धाकटीला दांड्याजवळच्या बैठकीत निजवलं. हंबीरला गणपतरावानं उचलून पलीकडच्या बैठकीत ठेवलं.

“म्हंजे पोटची हाताखाली,” तानाबाई लगेच म्हणाली, “आणि ह्यो म्होरं. म्होरनं उधळल्यालं जनावर आलं तर पयला धक्का कुणाला?”

बायडानं नवऱ्याकडं बघितलं, त्यानं अदलाबदल केली. हंबीर दांड्याजवळ, धाकटी पलीकडं. तानाबाई दांड्यापाशी जाऊन उभी राहिली आणि वाकून बघू लागली.

“आता हितनं ह्येचं तोंड दिसत न्हाय,” ती म्हणाली. “नुसतं टप दिसतंय. आणि तिचं तोंड मातुर सारकं डोळ्याम्होरं. आलं माज्या ध्येनात.”

“मावशी,” लालासाब हात जोडून म्हणाला, “गाडीला बैठका दोनच हायत. तिसरी म्या कुठनं काढू?”

गणपतरावाला हसू आलं, पण सासूचं तोंड बघून त्यानं ते गिळलं. तेवढ्यात हंबीरनं भोकाड पसरलं. टपाखालनं त्याला बायडा दिसेना, तसे त्यानं हात वर केले आणि “आई, आई” करून ओरडायला लागला. गणपतराव पुढं व्हायच्या आत बायडानं वाकून त्याला उचललं. उचललं, आणि तिचा चेहरा एकदम पांढरा पडला. एक हात गाडीच्या काठावर गेला, दोन्ही पाय आवळले गेले, वरचा ओठ दाताखाली आला. हंबीर मात्र कडेवर बसून गप्प झाला आणि टाक चोखायला लागला.

पुरुषांना काही दिसलं नाही. तानाबाईनं आयुष्यात वीस-पंचवीस बाळंतपणं केली होती. तिला सगळं दिसलं.

लालासाबची बायको मेहमुदा आतल्या खोलीत होती. तिथं बायडाला बसवून तानाबाईनं हळू आवाजात विचारलं, “खालचं अंग भाईर येतंय न्हवं?”

बायडानं खाली मान घालून होकार दिला.

“कवापासनं?”

“बाळंत झाल्यापासनं. सुईण म्हणाली, सा म्हयनं जड उचलू नको. पर ह्यो खाली उतरतच न्हाय. बारा दिस मी खोलीत हुते तवर दाराशी रडून रडून ताप आला त्येला. मग घेतला कडंवर. त्येला हालवल्याबिगर झोप न्हाय, आणि दुसऱ्या कुणाकडं ऱ्हात न्हाय.” ती थांबली. “गाडीत हालंल तरी. मी जवळच असंन.”

“गणपतराव पावण्यास्नी सांगितलंस?”

“त्येंला काय सांगायचं असलं? सुईणीनं सांगितलंय, उचलू देऊ नका म्हणून. तेवढंच.”

हे ढोंग नाही, हे तानाबाईला कळलं, आणि खरं सांगायचं तर तिला रागच आला. चांगली हाताशी आलेली खोट हातची गेली. आळशी म्हणावं तर पोरगी आळशी निघेना, आणि नटवी म्हणावं तर तसंही काही दिसेना. काहीतरी असणारच, नसून कसं चालेल, असं मनाशी घोकत ती टांग्यात येऊन बसली.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर गणपतराव तिच्यापुढं येऊन बसला.

“मामी, सरळ सांगतो. बायडानं पोरगं उचलायचं न्हाय, असं सुईण म्हंती. गाडी घेतली तर हंबीर हितं ऱ्हाईल. गाडी न्हाय घेतली, तर सा म्हयनं म्हना, वरीस म्हना, त्येला तुमच्याकडं धाडण्याबिगर दुसरा रस्ता न्हाय. तुमच्याकडं त्येचं काय कमी हुणार न्हाय, ते मला ठावं हाय.”

तानाबाई पुढं सरकून बसली. एवढं सोपं! आपण नुसतं ‘नको’ म्हणायचं, आणि पोर आपलं. सहा महिन्यांसाठी गेलेलं पोर वर्षानं आजीला सोडून येतंय होय?

पण लगेच तिचा मूळ स्वभाव वर आला. “मग मला कशापायी इचारतासा? गाडी तुमची, पोरं तुमची.”

“मी इचारत न्हाय. बायडा इचारती.” गणपतराव जरा अवघडला. “तिचं म्हननं असं, की घरात काय बी नवं आलं तर आदी थोरलीला दावायचं. लुगडं दावलं, भांडं दावलं, ते ठीक. पर ही दुसऱ्याच्या घरची गाडी. तीत कोन बसल्यालं, कोन निजल्यालं, आपल्याला काय ठावं? तीत थोरलीचं पोरगं घालायचं तर थोरलीनं व्हय म्हनाय पायजे. आणि टाक काय बोलत न्हाय. म्हनून म्हनाली, त्येंच्या आईस्नी बोलवा. त्या म्हनतील ते थोरली म्हनाली.”

तानाबाई त्या रात्री लवकर आडवी झाली, पण तिच्या डोक्यात चाकं फिरत राहिली. शालूचं तोंड म्हणजे आता आपलं तोंड. बायडानं हे मनापासून केलं असेल का? की आपल्याला गोड बोलून बांधून घेतलंय? म्हणजे उद्या गाडीतनं पोर पडलं तर ‘तुमीच व्हय म्हटलंसा’ म्हणायला मोकळी! तिनं ह्या कुशीवरनं त्या कुशीवर होत शेवटी ठरवलं, की उद्या आपण एकटीनंच लालासाबकडं जायचं आणि गाडीची खोट काढूनच यायचं.

सकाळी आकारामाला बरोबर घेऊन ती पुन्हा शनिवार पेठेत गेली. लालासाब एका बग्गीच्या गादीला टाके घालत होता.

“लालासाब,” ती उभ्याउभ्याच म्हणाली, “तुमच्या पोराबाळांची आण हाय. खरं सांगा. ह्या गाडीत प्वार ग्येल्यालं हाय का न्हाय?”

“तोबा तोबा!” लालासाबच्या हातातली सुई थांबली. “काय बोलतासा मावशी! माजी घरवालीच आया हुती त्या पोरांची. तिलाच इचारा.”

मेहमुदा पदर सावरत बाहेर आली. “दोन पोरं हुती. थोरला दोन सालांचा आणि धाकटी म्हयन्याची आली, तवा ही गाडी ममईसनं मागवली. तुमच्यासारकंच की.”

“आणि मेलं कोन?”

“कुनीबी न्हाय.”

“आजारी?”

“थोरल्याला गोवर आलता.”

तानाबाईचे डोळे चमकले. ती दोन पावलं पुढं आली. “मग?”

“मग काय? आठ दिसांत बरा झाला आणि गाडीतनं उडी मारून पळाय लागला. जाताना मी सोता ठेसनावर पोचवाय गेलते. थोरला खिडकीतनं हात हालवत हुता, आणि धाकटी माज्या नव्या लुगड्यावर ओकली.” मेहमुदाला आठवून हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणीही आलं. “लई जीव लागलता मला.”

“अगदी एक बी न्हाय ग्येलं?” तानाबाईनं पुन्हा विचारलं.

“न्हाय वो मावशी. अल्लाची किरपा.”

आणि तानाबाईच्या मनात आलं, ‘एखादं तरी गेलं असतं.’

आलं, आणि तिचं तिलाच ते ऐकू आलं. तिनं झटकन पदर तोंडावर धरला. कुणाच्या गोऱ्या लेकरांनी तिचं काय घोडं मारलं होतं? पोटची लेक पाच महिन्यांचं पोर टाकून गेलेली बाई, आणि ती दुसऱ्याच्या पोराच्या मरणाची आस धरते? तिला आपली शिसारी आली. ती तशीच बाहेर आली आणि भिंतीला धरून उभी राहिली.

“काय झालं काकी?” आकारामानं विचारलं.

“काय न्हाय. ऊन लागलं.”

ऊन कुठलं, आभाळ भरून आलं होतं. पण आकारामानं ते बोलून दाखवलं नाही.

परत येताना वाटभर तिची शिसारी हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी हिशेबी विचार आला. खरं काय ते कुणाला ठाऊक? लालासाबला, मेहमुदाला आणि आपल्याला. गणपतराव काही बायकांच्या गोष्टी विचारायला मेहमुदाकडं जाणार नाही. ‘गाडीत प्वार ग्येल्यालं हाय’ एवढं आपण म्हणायचं. चार शब्द. साहेब विलायतेला गेला, पोरंही गेली, आता खरंखोटं करायला कोण येतंय? चालता चालता तिनं ते वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. म्हणायला काही जड नव्हतं. फक्त एकच अडचण होती, की ते आपल्या नव्हे, शालूच्या तोंडनं म्हणायचं होतं. शालू जितेपणी एवढंसं खोटं बोलली तरी तिचे कान लाल व्हायचे. तानाबाईनं तो विचार झटकला. हंबीर शालूचाच आहे, आणि शालूच्या पोराला शालूच्या आईनं न्यायचं, यात वाईट ते काय, असं तिनं स्वतःला समजावलं.

घरी आली तर दार आतनं लावलेलं. भर दुपारी, शेजार जागा असताना कडी कशाला? गणपतराव गाडीखान्यात गेलेला. तानाबाईनं आकारामाला बैलांकडं धाडलं आणि आवाज न करता ती परसातनं फिरून मागच्या दारानं आत आली. काय दिसेल याची तिला भीती होती आणि आशाही होती. पोराला मारत असेल, उपाशी ठेवत असेल, काहीतरी दिसू दे, असं तिला झालं होतं.

सोप्यात वाकळेवर बायडा झोपली होती. एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला हंबीर. आणि हंबीरच्या पायाच्या घोट्याला बायडाच्या लुगड्याचा पदर गुंडाळून गाठ मारलेली. एक नव्हे, दोन गाठी.

तानाबाईचं डोकंच फिरलं. मिळालं! तीन दिवस जे शोधत होती ते समोर होतं. ती पुढं होऊन बायडाच्या खांद्याला धरून हलवायला लागली.

“आगं ए! जनावर हाय का त्यो? दाव्याला बांधल्यावानी बांधून घालतीस?”

बायडा दचकून जागी झाली. डोळे उघडायच्या आधी तिचा हात हंबीरच्या पायावर गेला. पाय जागेवर होता. मग तिनं तानाबाईकडं बघितलं, पण पाय सोडला नाही.

“कवापासनं चाललंय ह्ये?” तानाबाईनं आवाज दाबून विचारलं. हंबीर झोपेत चुळबुळला म्हणून तो दाबला एवढंच.

“तुमी आल्यापासनं.”

“मी आल्यापासनं? माजा काय संबंध?”

बायडाच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं, पण ती बोलायची थांबली नाही. “तुमी त्येला न्ह्यायला आलाईसा. मला ठावं हाय. आकारामदादांनी धोंडुबाईला सांगितलं, गाडीत त्येच्यासाठनं वाकळ आंथरलीया म्हणून. मला दिसभर झोप लागती, आई. तुमी त्येला झोपेतच उचलून न्हेचाल, असं मला वाटलं. म्हणून कडी लावली. म्हणून बांधला.” तिनं पदरानं नाक पुसलं. “मला आता पळता येत न्हाय. तुमची गाडी निघाली तर तिच्यामागं मला पळता येणार न्हाय.”

तानाबाई खाली बसली. तीन दिवस तिनं या घरात काय काय पारखलं होतं! पाणी कोण देतं, टाक का चमकतो, पोर कुठल्या बैठकीत बसतं. आणि या घरात मनात काही लपवून आलेलं माणूस एकच होतं, ती स्वतः. कालपरवाच्या पोरीनं ते पहिल्या दिवशीच ओळखलं होतं, आणि तरी तिलाच ‘आई’ म्हणून निर्णय विचारला होता. तानाबाईला लाज वाटली. बायडापुढं वाटली, आणि शालूपुढं त्याहून जास्त.

मग बायडानंच भीत भीत विचारलं, “त्या गाडीला काय खोट हाय का वो?”

ते वाक्य तानाबाईच्या ओठांवर तयार होतं. वाटभर घोकून आणलेलं. तिनं हंबीरकडं बघितलं. पोर तोंड उघडं टाकून झोपलं होतं, शालू झोपायची तसंच.

“साहेबाची दोन्ही पोरं जित्ती हायत,” ती म्हणाली. “थोरल्याला गोवर आलता, त्यो बी बरा झाला. गाडी चांगली हाय. घ्या.”

बायडा तिच्याकडं बघतच राहिली.

“बगतीस काय? थोरली व्हय म्हणाली, असं सांग पावण्यास्नी. आणि ह्येला म्होरल्या बैठकीत बसीव. त्येला तुजं तोंड दिसू दे, न्हाय तर रडून पेठ गोळा करील.” मग आपला आवाज फारच मऊ झालाय असं वाटून तिनं तो चढवला. “आणि सा म्हयनं घागर उचलायची न्हाय. उचललीस तर मला कळल्याबिगर ऱ्हाणार न्हाय, सांगून ठेवते.”

“व्हय आई,” बायडा म्हणाली, आणि हंबीरच्या पायाची गाठ सोडायला लागली.

“आता ऱ्हाऊ दे. उठंल त्यो.”

तानाबाई उठली. तिनं हंबीरच्या कपाळावरनं हात फिरवायला हात पुढं केला, आणि मागं घेतला. आपलं गाठोडं काखेत मारलं, कडी काढली आणि बाहेर आली. आकाराम बैलांना पेंढी टाकत होता.

“जुंप,” ती म्हणाली.

“आत्ता? उद्याच्याला निघायचं ठरलंया न्हवं? आणि पावण्यांची गाठ न घेता?”

“आत्ताच. प्वार झोपल्यालं हाय तवर.”

आकारामानं तिच्या रिकाम्या हातांकडं बघितलं. “मग उठवा की त्येला, काकी. एक मुका तरी घ्या. परत कवा येणं हुतंय.”

“नको,” तानाबाई म्हणाली. तिनं चाकाला धरून पाय आऱ्यावर ठेवला, आणि त्याच्याकडं न बघता बोलली, “उठला, आणि मी निघाल्याली बघून रडला न्हाय, तर मला सोसायचं न्हाय रं.”

आकारामानं पेंढी आवरली आणि बैल जुंपले.